संस्कारांच्या माथी मोबाइलचे खापर

बारामती-इंदापूर पट्ट्यात पालक मेळावा असला की पाहुण्यांचे भाषण कुठून निघून कुठे पोचणार, हे खुर्च्या मांडणाऱ्या शिपायालाही आता पाठ झाले आहे. जिजाऊ येतात, श्यामची आई येते आणि मग मोबाइल येतो. मुलगा रात्री एक वाजेपर्यंत फ्री फायर खेळतो, मुलगी रील्समधून मान वर करत नाही, चाचणीत गणित गेले. जबाबदार कोण? समोर बसलेले तुम्हीच. तुम्ही वेळ दिला नाही, फाजील लाड केले, तुमचा धाक उरला नाही, तुमचे संस्कार कमी पडले. समोरच्या आया खाली मान घालून ऐकतात. बापे फारसे नसतात. ते कुठे असतात ते पुढे सांगतो, कारण या वादातला निम्मा मुद्दा तिथेच आहे.

हे भाषण नुसते बाष्कळ असते तर त्याला उत्तर द्यायची गरज नव्हती. पण त्याची एक शिकलेली आवृत्तीही आहे आणि ती मानसशास्त्राच्या भाषेत बोलते. डायना बॉमरिंड या अमेरिकन संशोधिकेने 1960च्या दशकात बर्कलेच्या बालवाडीतली मुले आणि त्यांचे आईबाप न्याहाळून पालकत्वाच्या तीन तऱ्हा सांगितल्या: नुसत्या धाकाची, नुसत्या मोकळीकीची, आणि माया व शिस्त दोन्ही सांभाळणारी. 1983 मध्ये मॅकोबी आणि मार्टिन यांनी त्यात दुर्लक्षाची चौथी तऱ्हा घातली. पुढे किम्बर्ली यंग यांनी 1998 मध्ये इंटरनेटचे व्यसन मोजण्यासाठी 20 प्रश्नांची चाचणी पुढे आणली. तेव्हापासून जगभर पालकत्वाच्या तऱ्हा मोजणारी प्रश्नावली या चाचणीला जोडून पाहण्याचे काम चालू आहे. बहुतेकांचा सूर एकच: माया आणि शिस्त असलेल्या घरांत व्यसन कमी, धाकाच्या आणि दुर्लक्षाच्या घरांत जास्त. मेळाव्यातला पाहुणा हे सारे वाचत नाही, पण त्याच्या बोलण्याला पाठबळ याचेच असते.

घराचा आणि मुलाच्या मोबाइलचा संबंध आहे, हे मला मान्य आहे. माझा आक्षेप त्या संबंधावरून दिल्या जाणाऱ्या निकालावर आहे. आरोपी ठरवताना पुरावा नीट तपासलेला नाही, आणि ज्या घराला शिक्षा सुनावली जाते ते घर चालते कसे हेही कुणी पाहिलेले नाही.

पहिल्यांदा त्या 20 प्रश्नांकडेच पाहू. त्यातला एक प्रश्न विचारतो की तुम्ही इंटरनेटवर फार वेळ घालवता अशी तक्रार जवळची माणसे करतात का. दुसरा विचारतो की इंटरनेटपायी घरची कामे टाळता का. तिसरा, मध्ये कुणी आले तर खेकसता का. म्हणजे घरात किती कटकट होते हे व्यसनाच्या मोजपट्टीतच मोजले जाते. ज्या घरात आई दर दहा मिनिटांनी "ठेव तो मोबाइल" म्हणते त्या घरातल्या मुलाचे गुण चढतात. शेजारच्या घरात तितकाच वेळ मोबाइल पाहणाऱ्या, पण कुणी हटकत नसलेल्या मुलाचे तेवढे चढत नाहीत. मग निष्कर्ष निघतो की कडक घरात व्यसन जास्त! कटकट दोन्ही प्रश्नावल्यांत मोजली, तर दोन्हींची गाठ पडणारच. घरकामाचे तर विचारूच नका. बंगल्यातल्या मुलाला टाळायला काम म्हणजे स्वतःचे ताट उचलणे. निमगाव केतकीच्या मुलाला वैरण आणणे, गोठा झाडणे, धार काढायला हात लावणे एवढे सगळे असते. टाळायला जास्त आहे म्हणून तो जास्त व्यसनी ठरावा, हा कुठला न्याय?

त्याच यादीत आणखी दोन प्रश्न आहेत. इतर कामाआधी ई-मेल तपासता का, हा एक; आणि जोडीदाराच्या जवळिकीपेक्षा इंटरनेटची मजा बरी वाटते का, हा दुसरा. प्रश्न मोठ्या माणसांसाठी बेतलेले होते, तेही अमेरिकेतल्या. भाषांतर करताना ते सौम्य केले जातात हे खरे. तरीही पळसदेवच्या नववीतल्या मुलाचे निदान अशा पट्टीवर करायचे असेल तर हात जरा आखडताच ठेवावा. जागतिक आरोग्य संघटनेने तो आखडता ठेवला आहे. तिच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात, जे 1 जानेवारी 2022 पासून लागू झाले, फक्त गेमिंगचा विकार आहे. त्यासाठीही खेळण्यावरचा ताबा सुटणे, बाकी सगळ्याच्या आधी खेळ येणे, नुकसान दिसूनही न थांबणे, आणि हे साधारण 12 महिने चालणे, अशा अटी आहेत. अमेरिकन मानसोपचार संघटनेने 2013 मध्ये इंटरनेट गेमिंगचा विकार 'आणखी अभ्यास हवा' अशा प्रकरणात ठेवला. रील्सच्या व्यसनाला यापैकी कुठेही स्वतंत्र जागा नाही. मेळाव्यातल्या पाहुण्याकडे मात्र अर्ध्या शाळेचे निदान तयार असते.

आता कारण कुठले आणि परिणाम कुठला हे पाहू. बहुतेक अभ्यासांत मुलांना एकाच बैठकीत दोन्ही प्रश्नावल्या दिलेल्या असतात: तुझे आईबाप कसे वागतात, आणि तू इंटरनेटवर कसा वागतोस. आधी काय घडले हे त्यातून कळत नाही. घरोघरी मात्र क्रम बऱ्याचदा असा असतो: आधी मुलगा रात्री जागायला लागला, मग बाप ओरडायला लागला, मग शाळेत प्रश्नावली आली. कागदावर बाप 'धाकाचा' आणि मुलगा 'व्यसनी', आणि वाचणाऱ्याला वाटते की धाकाने व्यसन लावले. ओरडणे हे कारण नसून हतबलता असू शकते, ही शंका आकडेमोडीत कुठेच येत नाही.

या बाबतीत स्वीडनमधल्या स्टाटिन आणि केर यांचा 2000 सालचा निबंध प्रत्येक पाहुण्याच्या हातात द्यायला हवा. 'पालकांचे लक्ष असलेली मुले कमी बिघडतात' हे वाक्य तोवर सगळेच म्हणत होते. या दोघांनी विचारले, लक्ष म्हणजे नेमके काय मोजले? मोजले होते ते पालकांना मुलांबद्दल किती माहिती आहे हे. ती माहिती कुठून येते हे शोधल्यावर दिसले की ती पाळत ठेवून किंवा उलटतपासणी करून फारशी येत नाही. मुले आपणहून सांगतात त्यातूनच मुख्यतः येते. म्हणजे 'लक्ष देणारे पालक' म्हणून ज्यांची पाठ थोपटली जात होती त्यांच्या घरात मुळात बोलणारी मुले होती. आता हे उलटे करून पाहा. दहावीच्या धास्तीने, कुणी चिडवल्याने किंवा मनातल्या मनात खचल्याने एखादा मुलगा बोलायचा थांबतो. तो मोबाइलमध्ये शिरतो, घरच्यांना काही कळत नाही, आणि कागदावर आईबाप 'दुर्लक्ष करणारे' म्हणून नोंदले जातात. दुखणे मुलाचे, ठपका आईवर.

शिवाय एक साधी गोष्ट, जिला कुठलीच प्रश्नावली लागत नाही. एकाच घरात दोन भाऊ असतात. आईबाप तेच, जेवण तेच, मार आणि लाड तेच. थोरला पहाटे तालमीत, धाकटा दुपारी बारापर्यंत पांघरुणात मोबाइल घेऊन. संस्कार हेच कारण असेल तर ते धाकट्यापर्यंत पोचेस्तोवर संपले काय?

बापे मेळाव्याला का नसतात, त्याचे आता सांगतो. या दोन तालुक्यांना नीरेच्या कालव्याने आणि उजनीच्या फुगवट्याने ऊस दिला. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचे छत्रपती, बिजवडीचे कर्मयोगी, शहाजीनगरचे नीरा-भीमा हे कारखाने त्या उसावर उभे राहिले. उसाला पाणी लागते, पाण्याला मोटार, मोटारीला थ्री फेज वीज, आणि ती वीज शेतीला आठवड्याच्या पाळीने मिळते. एक पाळी दिवसाची, एक रात्रीची. रात्रीच्या आठवड्यात बाप अंधारात बॅटरी घेऊन दारे धरायला जातो. पहाटे परततो तेव्हा बाई गोठ्यात असते, कारण दूध संकलन केंद्राचा काटा कुणासाठी थांबत नाही. ज्यांना शेत पुरत नाही ते बारामती किंवा लोणी देवकरच्या एमआयडीसीत तीन पाळ्यांत राबतात. रात्रपाळी करून आलेला माणूस दिवसा झोपला म्हणून तो 'दुर्लक्षाच्या तऱ्हेचा' पालक होतो का? बर्कलेच्या बालवाडीत मुले सोडायला येणाऱ्या आईबापांच्या वागण्यावरून बेतलेल्या चौकटीत हा माणूस कुठल्या खणात बसवायचा? गळीत हंगामात बीडकडून कोयता घेऊन येणारी जोडपी तर पहाटेच्या थंडीत फडात असतात आणि मागे कोपीत थोरली पोर धाकट्याला सांभाळते. त्या पोरीच्या हातात मोबाइल असेल तर तो घरातला तिसरा मोठा माणूस असतो.

आणि हा मोबाइल घरात आला कसा? 5 सप्टेंबर 2016 ला जिओ सुरू झाले. त्याआधी एका जीबीला दोनशे-अडीचशे रुपये मोजणाऱ्या देशात काही महिने डेटा फुकट वाटला गेला आणि नंतरही तो चहाच्या भावात राहिला. मग मार्च 2020 मध्ये शाळा बंद झाल्या. वर्ग मोबाइलवर भरणार, असे शाळेने सांगितले. ज्यांच्याकडे साधा फोन होता त्यांनी दुधाच्या पगारातून, उसाच्या पहिल्या उचलीतून, नाहीतर कुणाकडून हातउसने घेऊन मुलांना स्मार्टफोन घेऊन दिले. तेव्हा त्याला जागरूक पालकत्व म्हटले गेले. शाळा उघडल्या, पण गृहपाठ व्हॉट्सॲप ग्रुपवरच राहिला. सूचना ग्रुपवर, वेळापत्रक ग्रुपवर, सरावाची प्रश्नपत्रिका पीडीएफमध्ये. संध्याकाळी सात वाजता ग्रुपवर स्वाध्याय टाकायचा आणि शनिवारी मेळाव्यात 'मुलांच्या हातात मोबाइल देऊ नका' म्हणायचे, हा दुटप्पीपणा एखाद्या आईने उभे राहून बोलून दाखवावा अशी माझी फार इच्छा आहे.

'असर 2024' हा ग्रामीण भारताचा अहवाल आहे आणि त्यातले आकडे नीट वाचण्यासारखे आहेत. 14 ते 16 वयाच्या मुलांपैकी 82.2 टक्क्यांना स्मार्टफोन वापरता येतो. त्यांतल्या 57 टक्क्यांनी आदल्या आठवड्यात तो अभ्यासाशी संबंधित कामासाठी वापरला होता आणि 76 टक्क्यांनी समाजमाध्यमांसाठी. पाहुणे दुसरा आकडा सांगतात, पहिला गाळतात. आणखी एक आकडा कुणीच सांगत नाही: वापरता येणाऱ्यांपैकी स्वतःचा फोन असलेली मुले 14व्या वर्षी 27 टक्के आणि 16व्या वर्षी 37.8 टक्के होती. म्हणजे बहुतेक मुलांच्या हातातला फोन घरातला, आईबापांच्या वापरातला असतो, आणि घरातल्या कामांचाही असतो. ई-पीक पाहणीचा फोटो बांधावर उभे राहून कोण काढते? शिष्यवृत्तीचा अर्ज कोण भरते, सातबारा कोण उतरवते, खात्यावर बिल जमा झाले का हे कोण पाहते? आठवी-नववीतले पोरगे. बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने उसात कृत्रिम बुद्धिमत्ता आणली, त्याचे कौतुक 2025 मध्ये मायक्रोसॉफ्टच्या सत्या नडेला यांनी केले, आणि आपणही कॉलर ताठ केली. पाणी कधी द्यायचे, खत किती, याचा संदेश शेतकऱ्याच्या मोबाइलवर येतो. तो बापाला वाचून दाखवतानाही कितीदा तरी तेच पोरगे असते. कुंभारगावच्या पाण्यावर हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात, तेव्हा नावेची चौकशीही फोनवर येते. या मुलाला आपण घराचा कारकून नेमले आहे आणि नंतर विचारतो, तुझे हात मोबाइलवर का?

दुसऱ्या बाजूचे लाडके उत्तर एकत्र कुटुंबाचे. पूर्वी घरात आजी-आजोबा होते म्हणून मुले सुधारली, आता नाहीत म्हणून बिघडली. हे बोलणाऱ्यांनी इंदापूर तालुक्यातल्या एखाद्या एकत्र घरात रात्री साडेनऊला डोकवावे. आजोबा मोबाइलच्या दुष्परिणामांवरचे कीर्तन यूट्यूबवर मोठ्या आवाजात ऐकत असतात. काका तालुक्याच्या राजकारणाच्या ग्रुपवर असतात. एकत्र कुटुंबात मोबाइल कमी नसतात, जास्त असतात. एकाने काढून घेतला की दुसऱ्याचा मिळतो. तुकोबांची पालखी बेलवाडीला येते तेव्हा गोल रिंगणात अश्व धावताना वर गेलेले हात कुणाचे असतात ते एकदा मोजा. त्यात पोरांपेक्षा मोठ्यांचेच जास्त भरतील.

आणि धाक? धाकाची मागणी सगळ्यात जोरात होते, म्हणून तिच्याबद्दल थोडे कडक बोलतो. आपल्याकडे धाकाचा अर्थ मुलाच्या बाबतीत एक आणि मुलीच्या बाबतीत दुसरा असतो. मुलाचा मोबाइल बाप रागाने आपटतो, चार दिवसांनी दुसरा येतो. मुलीच्या मोबाइलमध्ये एखाद्या मुलाचा मेसेज सापडला तर मोबाइल जातो, पाठोपाठ क्लास जातो, बारामतीचे कॉलेज जाते आणि घरात स्थळांची चर्चा सुरू होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या फेरीत महाराष्ट्रातल्या 20 ते 24 वयाच्या स्त्रियांपैकी 21.9 टक्क्यांचे लग्न अठराच्या आत झालेले होते. अशा राज्यात व्यासपीठावरून 'मुलींच्या मोबाइलवर लक्ष ठेवा, धाक ठेवा' असे सांगताना आपण नेमके कशाला बळ देतो, हे पाहुण्यांनी घरी जाऊन शांतपणे विचारात घ्यावे. 'असर'च्या आकड्यांतही मुली मागेच आहेत: स्वतःचा फोन 36.2 टक्के मुलांकडे, 26.9 टक्के मुलींकडे. मोबाइलच्या अतिवापराची काळजी आणि मुलीला आवळून ठेवण्याची हौस एकाच वाक्यात बेमालूम मिसळतात, आणि त्या वाक्याला आपण संस्कार म्हणतो.

खापर घरावर फोडल्याने सगळ्यात जास्त सुटका होते ती यंत्र बनवणाऱ्यांची. बोटाने सरकवत राहावे आणि पान कधी संपूच नये, ही युक्ती एझा रास्किन यांनी 2006 मध्ये शोधली. पुढे त्यांनी स्वतःच तिच्याबद्दल जाहीर पश्चात्ताप व्यक्त केला. फेसबुकचे पहिले अध्यक्ष शॉन पार्कर यांनी 2017 मध्ये उघड सांगितले की लोकांचा जास्तीत जास्त वेळ आणि लक्ष कसे खाता येईल हाच विचार बांधणीमागे होता. ऑक्टोबर 2023 मध्ये अमेरिकेतल्या 41 राज्यांनी मेटा कंपनीवर मुलांना जाणूनबुजून गुंतवल्याचा आरोप ठेवून दावे लावले. कॅलिफोर्नियात निवडक डोकी बसून हे घडवतात, आणि त्याच्यापुढे आपण उभी करतो ती कोण, तर पहाटे चारला उठलेली, चार म्हशींची धार काढून डबे भरणारी बाई. आणि ती हरली की म्हणतो, तिचे संस्कार कमी पडले.

पैशाच्या गेमचे उदाहरण तर ताजे आहे. फॅन्टसी क्रिकेट आणि रमीच्या जाहिराती क्रिकेटपटू आणि सिनेनट करत होते, आणि गावोगावची पोरे तरुण होण्याआधीच त्या नादाला लागत होती. वर्षानुवर्षे त्यावर प्रवचने झाली. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला, 22 तारखेला राष्ट्रपतींची सही झाली, आणि ड्रीम इलेव्हनने पैशाच्या स्पर्धा लगोलग थांबवल्या. प्रवचनांना वर्षानुवर्षे जमले नाही ते एका आठवड्यात झाले. त्या आठवड्यात बारामतीच्या घरांतले वळण काही बदललेले नव्हते.

कायदा म्हणजे सगळ्याचे औषध, असे मी म्हणणार नाही. टिकटॉकवर 29 जून 2020 ला बंदी आली आणि पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामने भारतात रील्स उघडले. पोरे तिकडे गेली. दक्षिण कोरियाने 2011 मध्ये सोळाच्या आतल्या मुलांना मध्यरात्रीनंतर गेम खेळायला बंदी केली आणि दहा वर्षांनी ती उठवायचे ठरवले. आपल्याकडे 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यात अठराच्या आतल्या मुलांचा माग काढायला आणि त्यांच्यावर नेम धरून जाहिराती करायला मनाई आहे. त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले, आणि ही तरतूद पाळायला कंपन्यांना दीड वर्षाची मुदत मिळाली. आईबापांना मात्र मेळाव्यात एक दिवसाचीही मुदत नसते.

सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यातले मोहित्यांचे वडगाव या वादात दोन्ही बाजू वापरतात, म्हणून ते नीट पाहू. 2022 च्या ऑगस्टपासून तिथे संध्याकाळी सातला भोंगा वाजायचा आणि साडेआठपर्यंत गावात टीव्ही आणि मोबाइल बंद. 'पाहा, संस्कारांनी काय होते,' असे त्याबद्दल सांगतात. मला त्यात उलटेच दिसते. तिथे एकेका आईला एकटीने मुलाशी झुंजायला लावले नाही. गावातल्या बायकांनी बैठकीत ठरवले, ग्रामपंचायतीने भोंगा बसवला, अंगणवाडी सेविका आणि आशाताई घरोघर गेल्या, आणि मोठ्यांनीही आपापले मोबाइल बाजूला ठेवले. मुलाला 'सगळ्यांचा चालू आहे, माझाच का बंद' हे म्हणायला जागाच राहिली नाही. यवतमाळ जिल्ह्यात पुसद तालुक्यातल्या बान्सी गावाने त्याच वर्षी वेगळा रस्ता धरला: ग्रामसभेत ठराव करून अठराच्या आतल्यांना मोबाइलबंदी. यात मोठ्यांना सूट होती आणि सगळा भार मुलांवर. दोन गावांतला हा फरक मेळाव्यात सांगितला तर एक तास सत्कारणी लागेल.

घराने काही करूच नये, असे यातून कुणी काढू नये. स्टाटिन-केरच्या निबंधातूनच घरासाठी एक गोष्ट निघते, आणि ती धाकापेक्षा अवघड आहे: मुलाने काही सांगितले तर त्याची शिक्षा होणार नाही, एवढा भरवसा. पैशाच्या गेममध्ये हजार रुपये गेले, कुणी फोटोवरून धमकावतेय, झोपच लागत नाही, हे मुलाने पहिल्यांदा घरात बोलावे. रात्री दारे धरून आलेला बापही हे करू शकतो. त्याला वेळापत्रक लागत नाही. पण व्यासपीठावरून ज्याला सगळ्यांदेखत नालायक ठरवले तो बाप घरी जाऊन ऐकून घेणार नाही. तो आपटणार. दोषारोपाने पालकत्व सुधारत नाही, बिघडते. म्हणून मी या भाषणांच्या विरोधात आहे.

तेव्हा मागणी घराबाहेरच्यांकडे आहे. शाळांनी गृहपाठ फळ्यावर आणि वहीत द्यावा, ग्रुप फक्त सुट्टीच्या सूचनेपुरता ठेवावा. शाळा सुटल्यावर मैदानाच्या फाटकाला लागणारे कुलूप संध्याकाळी सातपर्यंत काढावे, आणि एक मैदान, एक वेळ मुलींसाठी राखावी. कारखान्यांच्या सर्वसाधारण सभेत साखरेच्या भावासोबत गावच्या वाचनालयाचाही विषय निघावा. महावितरणने शेतीला दिवसा वीज द्यावी. हे मोबाइलच्या लेखात कुठून आले असे ज्याला वाटते त्याने लेख पुन्हा पहिल्यापासून वाचावा. अकॅडमी आणि वसतिगृहे चालवणाऱ्यांनी आठवडाभर फोन कुलपात ठेवून रविवारी दिवसभर हातात देण्याऐवजी रोजचा थोडा वेळ ठरवून द्यावा. आणि ग्रामसभेने बंदीचा ठराव करण्याआधी सदस्यांनी स्वतःचे मोबाइल महिनाभर रोज दीड तास टेबलावर ठेवून दाखवावेत.

ज्या मुलाचे खरोखरच हाताबाहेर गेले आहे, जो शाळा, झोप आणि जेवण सोडून बसला आहे, त्याला प्रवचनाची नाही, उपचाराची गरज असते. सरकारी रुग्णालयांत 10 ते 19 वयासाठी 'मैत्री क्लिनिक' आहेत. ऑक्टोबर 2022 पासून 'टेली मानस' ही सेवाही आहे: 14416 हा क्रमांक लावायचा, पैसे पडत नाहीत, दिवसरात्र चालू असतो आणि मराठीत बोलता येते.